पोस्टग्रेस सर्व्हर फाइल वाढवू शकत नाही तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, दवाखाना, शाळा, छोटी सॉफ्टवेअर कंपनी अशा ठिकाणी पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसचा सर्व्हर बहुतेक वेळा एकच माणूस सांभाळतो, आणि डिस्क भरल्याचा फोन त्यालाच येतो. ही प्रश्नोत्तरं त्याच्यासाठी आहेत. उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरची आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

‘कुड नॉट एक्सटेंड फाइल’ (फाइल वाढवता आली नाही) असा संदेश आला, म्हणजे नेमकं काय झालं?

पोस्टग्रेस प्रत्येक टेबल आणि प्रत्येक इंडेक्स ८ केबीच्या पानांमध्ये ठेवतो. फाइल १ जीबीची झाली की त्याच नावापुढे .१, .२ असे आकडे लावून पुढची फाइल सुरू होते. नवी नोंद आली आणि कुठल्याच पानावर जागा सापडली नाही, की सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमकडे फाइल आणखी लांब करण्याची मागणी करतो. ती मागणी नाकारली गेली की हा संदेश येतो.

म्हणजे नकार डेटाबेसने दिलेला नाही, तो खालून आला आहे. नकाराचं कारण संदेशातल्या शेवटच्या अपूर्णविरामानंतर लिहिलेलं असतं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, ‘परमिशन डिनाइड’, ‘डिस्क कोटा एक्सीडेड’, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. लोक पहिले चार शब्द वाचून शोधाशोध सुरू करतात, पण निदान शेवटच्या चार शब्दांत असतं. संदेशातला फाइलीचा पत्ताही तितकाच महत्त्वाचा. ‘बेस/’ने सुरू होत असेल तर फाइल मुख्य डेटा फोल्डरात आहे; ‘पीजी_टीबीएलएसपीसी/’ने सुरू होत असेल तर ती वेगळ्या टेबलस्पेसमध्ये (डेटा ठेवायला नेमलेल्या दुसऱ्या जागी) आहे, आणि ती बहुधा वेगळ्याच डिस्कवर असते.

माझा डेटा गेला का?

नाही. टेबलाची फाइल वाढवता आली नाही तर फक्त ते एक ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) रद्द होतं. प्रोग्रामला ५३१०० हा त्रुटी क्रमांक मिळतो, सर्व्हर चालूच राहतो, वाचनाच्या क्वेऱ्या चालतात. आधी कमिट (कायम) झालेल्या नोंदी जागच्या जागी असतात. या प्रसंगात डेटा खरोखर जातो तो पुढच्या अर्ध्या तासात, घाईघाईत हाताने केलेल्या डिलीटमुळे. म्हणून आधी हात थांबवा.

डिस्क खरंच भरली आहे. या क्षणी काय करू?

‘डीएफ -एच’ चालवून कोणती डिस्क भरली ते बघा, मग ‘डीयू’ने कोणतं फोल्डर फुगलं आहे ते शोधा. जागा मोकळी करायची ती डेटा फोल्डरच्या बाहेरून. जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर असं काहीतरी सापडतंच: त्याच डिस्कवर साठलेले जुने डंप (डेटाबेसच्या काढून ठेवलेल्या प्रती), कुणीतरी तात्पुरती म्हणून ठेवलेली झिप, पॅकेजांचा कॅश, सिस्टिमचं जर्नल (ते ‘जर्नलसीटीएल’च्या व्हॅक्यूम-साइझ पर्यायाने लहान होतं). पोस्टग्रेसचे जुने मजकुरी लॉगही काढता येतात. डेबियन आणि उबुंटूवर ते ‘व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल’मध्ये असतात. एकुलता एक बॅकअप मात्र पुसू नका, तो दुसऱ्या मशीनवर हलवा.

मग ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ (चालू सेशन आणि क्वेऱ्यांची यादी) बघा. एखादी अवाढव्य सॉर्टवाली क्वेरी चालू असेल तर ती ‘बेस/पीजीएसक्यूएल_टीएमपी’मध्ये तात्पुरत्या फाइली ओतत असते. ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ने ती क्वेरी थांबवली की त्या फाइली सर्व्हर स्वतःच काढतो, आणि काही वेळा एवढ्यावरच काम भागतं.

नको असलेलं टेबल असेल, म्हणजे जुन्या आयातीची प्रत किंवा चाचणीचा डेटा, तर ‘ट्रंकेट’ किंवा ‘ड्रॉप’ करा. ती जागा लगेच परत मिळते. मोठा ‘डिलीट’ मात्र अशा वेळी मुळीच चालवू नका. पुसलेल्या प्रत्येक नोंदीसाठी वॉलमध्ये (बदलांच्या रोजनाम्यात) लिहावं लागतं, त्यामुळे उरलीसुरली जागाही जाते.

डेटा फोल्डरातली एकही फाइल ‘आरएम’ने काढायची नाही. ‘बेस’, ‘पीजी_वॉल’, ‘पीजी_एक्सॲक्ट’ यांतलं काहीच नाही, कितीही जुनी तारीख दिसली तरी.

‘पीजी_वॉल’ फोल्डरच ६० जीबीचं झालंय. त्यातल्या जुन्या फाइली काढल्या तर?

नका काढू. वॉल हा बदलांचा आगाऊ रोजनामा आहे. सर्व्हर अचानक बंद पडला तर डेटा याच्यावरूनच सुसंगत होतो. हवी असलेली फाइल गेली तर सर्व्हर पुन्हा उठणारच नाही. या फोल्डरचं नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होतं. लॉग म्हणजे फेकण्यासारखं काहीतरी असं समजून लोक ते रिकामं करत, म्हणून २०१७ साली आवृत्ती १० मध्ये नाव बदललं गेलं.

वॉल साठतो तेव्हा कुणीतरी तो धरून ठेवलेला असतो. बहुतेक वेळा दोघांपैकी एक.

पहिला, रेप्लिकेशन स्लॉट. कधीतरी स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी नक्कल) किंवा डेटा वाहून नेणारं एखादं साधन जोडलं होतं, ते बंद झालं, पण स्लॉट, म्हणजे त्याने वॉल कुठवर वाचला याची खूण, राहिला. वाचणारा परत येईल या भरवशावर सर्व्हर प्रत्येक फाइल जपून ठेवतो. ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ या व्ह्यूमध्ये ‘ॲक्टिव्ह’ असत्य आणि ‘रीस्टार्ट_एलएसएन’ फार मागे असलेला स्लॉट शोधा. तो कुणाचा आहे याची खात्री करून ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ने काढा आणि ‘चेकपॉइंट’ (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) द्या. अनावश्यक फाइली सर्व्हर आपण होऊन काढेल.

दुसरा, आर्काइव्ह, म्हणजे बॅकअपसाठी वॉलच्या फाइलींची बाहेर ठेवली जाणारी प्रत. ‘आर्काइव्ह_कमांड’ अपयशी होत असेल, म्हणजे बॅकअपची डिस्क भरली, पासवर्ड बदलला, नेटवर्कचा मार्ग तुटला, तर फाइल पोहोचल्याची खात्री होईपर्यंत सर्व्हर ती सोडत नाही. ‘पीजी_स्टॅट_आर्कायव्हर’मध्ये अपयशांची संख्या आणि शेवटच्या अडलेल्या फाइलीचं नाव दिसतं. उपाय म्हणजे मूळ अडथळा काढणं. जागा मिळावी म्हणून कमांडच्या जागी नुसतं ‘ट्रू’ (काहीही न करता यश कळवणारी आज्ञा) लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने जागा मिळते, पण बॅकअपची साखळी तिथेच तुटते. अगदीच वेळ आली तर करा, पण लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्या.

‘मॅक्स_वॉल_साइझ’वर विसंबू नका. तिचं मूळ मूल्य १ जीबी असलं तरी ती सैल मर्यादा आहे, स्लॉटला ती आवरत नाही. स्लॉटला खरा लगाम घालते ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’. ती २०२० मध्ये आवृत्ती १३ मध्ये आली आणि मूळ स्थितीत अमर्याद असते. प्रत्येक सर्व्हरवर ती ठरवून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मागे पडलेला स्टँडबाय पुन्हा बांधता येतो, पण मुख्य सर्व्हर बंद पडला तर काउंटरवरचं काम थांबतं.

सर्व्हर ‘पॅनिक’ होऊन बंद पडला आणि आता सुरूच होत नाही.

वॉल लिहायलाच जागा उरली नाही की असं होतं. टेबलाच्या फाइलीबाबत एक ट्रान्झॅक्शन सोडून देता येतं, वॉलबाबत तशी सोय नाही. म्हणून सर्व्हर स्वतःला थांबवतो. हे सुरक्षित थांबणं आहे.

डेटा फोल्डरच्या बाहेर थोडी जागा करून सर्व्हर सुरू करा. तो वॉल वाचून सावरेल. त्याला वेळ लागू शकतो, मधे ‘किल -९’ करू नका. बाहेर काहीच मोकळं करता येत नसेल तर सर्व्हर पूर्ण बंद असताना ‘पीजी_वॉल’ हे अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नक्कल करा, जुन्याचं नाव बदला आणि त्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवा. नव्या फोल्डरची मालकी ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याकडे आणि परवानगी ०७०० हवी. सर्व्हर नीट उठल्याची खात्री झाल्यावरच जुनं फोल्डर काढा.

‘पीजी_रीसेटवॉल’ हे या समस्येचं उत्तर नाही. ते वॉल टाकून देतं आणि डेटा विसंगत राहू शकतो. ते बॅकअपही नसलेल्या, खरोखर मोडलेल्या सर्व्हरसाठी आहे, आणि तेही डेटा फोल्डरची संपूर्ण नक्कल करून ठेवल्यावर.

लाखो नोंदी डिलीट केल्या, तरी जागा तेवढीच. का?

पोस्टग्रेसमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, कारण दुसऱ्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती अजून दिसायला हवी असू शकते. नंतर ‘व्हॅक्यूम’ येऊन ती जागा मोकळी म्हणून नोंदवतो. मोकळी म्हणजे त्याच टेबलातल्या नव्या नोंदींसाठी. फाइलीच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी झाली तरच ती कापून ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळतात. तरीही हे डिलीट वाया गेलेलं नसतं, कारण पुढचे काही महिने ते टेबल वाढणार नाही.

डिस्कवर जागा परत हवीच असेल तर ‘व्हॅक्यूम फुल’. पण ते टेबलाची संपूर्ण नवी प्रत आणि नवे इंडेक्स लिहितं, मग जुनं काढतं. ४० जीबी जिवंत डेटा असलेल्या टेबलाला काम संपेपर्यंत आणखी साधारण तेवढीच जागा लागते, आणि तोवर टेबलावर पूर्ण कुलूप असतं, वाचनसुद्धा होत नाही. भरलेल्या डिस्कवर म्हणून लहान टेबलांपासून सुरुवात करायची आणि मोकळी होणारी जागा मोठ्यासाठी वापरायची. ‘पीजी_रीपॅक’ कुलूप फार थोडा वेळ लावतं, पण जागा त्यालाही लागते.

व्हॅक्यूम नेमाने चालूनही टेबल फुगत असेल तर जुनं उघडं ट्रान्झॅक्शन शोधा. सकाळी कुणीतरी ‘बिगिन’ करून एखादी नोंद बदलली आणि खिडकी तशीच ठेवून घरी गेलं, तर त्या क्षणानंतर पुसलेली एकही नोंद व्हॅक्यूमला काढता येत नाही. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ ही अवस्था आणि ‘एक्सॲक्ट_स्टार्ट’ची वेळ बघा. विसरलेली ‘प्रिपेअर्ड’ ट्रान्झॅक्शनं आणि मागे पडलेले स्लॉटही हेच करतात.

ज्यांचा डेटा आर्थिक वर्षाने वाढतो त्यांनी मोठी टेबलं वर्षवार पार्टिशन (तुकडे) करून ठेवावीत. जुनं वर्ष वेगळं जपून ते पार्टिशन ड्रॉप केलं की जागा त्याच क्षणी परत येते.

‘डीएफ’मध्ये भरपूर जागा दिसते, तरी ‘नो स्पेस लेफ्ट’ कसं?

सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार हाच, आणि त्याची कारणं बरीच आहेत.

सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे तुम्ही उशिरा बघता आहात. एका क्वेरीने तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरली, त्या मिनिटात इतरांचे इन्सर्ट अपयशी झाले, ती क्वेरीही त्रुटी येऊन संपली आणि तिच्या फाइली गेल्या. तुम्ही ‘डीएफ’ चालवता तेव्हा ३० टक्के मोकळं. ‘लॉग_टेम्प_फाइल्स’ शून्यावर ठेवली की अशा प्रत्येक फाइलीची नोंद लॉगमध्ये येते, आणि ‘टेम्प_फाइल_लिमिट’ने एका सेशनला मर्यादा घालता येते. महिनाअखेरचे अहवाल आणि ३१ मार्चची वर्षअखेर या काळात तर हाच पहिला संशयित.

इनोड (फाइल सिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) संपले असतील. ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारक्या फाइली, उदाहरणार्थ वेबसाइटच्या सेशन फाइली किंवा न पोहोचलेली मेल, त्याच डिस्कवर असल्या तर जागा असूनही नवी फाइल बनत नाही. असलेली फाइल वाढवायला नवा इनोड लागत नाही, त्यामुळे ही अडचण नवं टेबल करताना किंवा १ जीबीची सीमा ओलांडताना डोकं वर काढते.

ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम मूळ स्थितीत ५ टक्के जागा रूटसाठी (प्रशासक वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते. तुम्ही रूट म्हणून फाइल बनवून बघता, ती बनते. ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याला मात्र नकार मिळतो. चाचणी नेहमी ‘पोस्टग्रेस’ म्हणूनच करा. केवळ डेटासाठी असलेल्या डिस्कवर हे प्रमाण ‘ट्यून२एफएस’ने १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

थिन प्रोव्हिजनिंग असेल तर प्रकरण गंभीर आहे. फाइल सिस्टिमला २ टीबी दिसतात, पण खालच्या सामायिक पूलमध्ये तेवढी जागा नसतेच. लिहिलेलं आधी मेमरीत स्वीकारलं जातं आणि डिस्कवर उतरवताना त्रुटी येते. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून ‘एफसिंक’ (डेटा डिस्कवर उतरवण्याची मागणी) अपयशी झाला की पोस्टग्रेस ‘पॅनिक’ होऊन थांबतो आणि वॉलवरून पुन्हा सावरतो. पूल कोण सांभाळतं ते माहीत करून घ्या आणि त्याच्या जागेवरही लक्ष ठेवा.

आवृत्ती १६ किंवा पुढची असेल, फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल आणि संदेशात ‘फाइलफॅलोकेट’ हा शब्द असेल, तर तो वेगळा प्रकार. २०२३ साली आलेल्या या आवृत्तीपासून सर्व्हर गर्दीच्या वेळी अनेक पानं एकदम वाढवतो आणि त्यासाठी ‘पॉझिक्स_फॅलोकेट’ वापरतो. काही एक्सएफएस डिस्कांवर मोकळी जागा असतानाही ही मागणी नाकारली गेल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. कर्नल आणि पोस्टग्रेस दोन्ही त्यांच्या मालिकेतल्या ताज्या सुधारणेवर आणा, आणि डिस्क काठोकाठ भरू देऊ नका.

शेवटचं म्हणजे कंटेनर. आत दिसणारी डिस्क आणि व्हॉल्यूमवर घातलेली मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठी फाइल पुसली, पण जागा वाढली नाही.

एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे. ‘एलएसओएफ +एल१’ चालवा. नाव नसलेल्या पण उघड्या फाइली दिसतील. चालू मजकुरी लॉग पुसला असेल आणि लॉग पोस्टग्रेस स्वतः गोळा करत असेल, तर ‘पीजी_रोटेट_लॉगफाइल’ पुरतं. दुसऱ्या सेवेची फाइल असेल तर ती सेवा पुन्हा सुरू करा.

‘रोट ओन्ली ४०९६ ऑफ ८१९२ बाइट्स’ असं येतंय.

अर्धं पान लिहिलं गेलं आणि जागा संपली. डिस्क भरल्याचाच हा दुसरा अवतार.

कारण जागेचं नसेल तर?

‘परमिशन डिनाइड’ असेल तर कुणीतरी रूट म्हणून फोल्डर नक्कल केलं किंवा मालकी बदलली. विंडोजवर पहिला संशय अँटिव्हायरसवर घ्या आणि डेटा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ किंवा ‘इनपुट/आउटपुट एरर’ दिसलं तर जागेचा विचार सोडा. डिस्कमध्ये दोष दिसल्यावर कर्नल ती केवळ वाचनासाठी ठेवतो. ‘डीमेसेज’ वाचा. जबरदस्तीने पुन्हा माउंट करून काम चालू ठेवण्याआधी डेटाची नक्कल चांगल्या डिस्कवर घ्या.

‘अनएक्स्पेक्टेड डेटा बियॉंड ईओएफ’ आलं तर लिहिणं तिथेच थांबवा. सर्व्हरला फाइल जिथे संपायला हवी होती त्यापुढे डेटा सापडला आहे. सोबतच्या सूचनेत सदोष कर्नलचा उल्लेख असतो, पण नेटवर्कवरची अविश्वासू फाइल सिस्टिमही कारण असू शकते. आणि एक शक्यता फार वाईट आहे: एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालू असणं. कुणी ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ (सर्व्हर चालू असल्याची खूण असलेली फाइल) हाताने पुसली होती का, ते विचारा.

क्लाउडवर डिस्क दुप्पट केली. ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवतो.

वाढ तीन पायऱ्यांनी पोहोचते: डिस्क, पार्टिशन, फाइल सिस्टिम. पोर्टलवर फक्त पहिली झाली. पार्टिशनसाठी ‘ग्रोपार्ट’; मग ईएक्सटी४ असेल तर ‘रीसाइझ२एफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’. एलव्हीएम (डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) असेल तर ‘एलव्हीएक्सटेंड -आर’ लॉजिकल व्हॉल्यूम आणि त्यावरची फाइल सिस्टिम मिळून वाढवतं. हे सगळं सर्व्हर चालू ठेवून होतं. उलटा प्रवास मात्र सोपा नाही, त्यामुळे आकडा विचार करून निवडा.

एखादं टेबल दुसऱ्या डिस्कवर नेता येईल का?

येईल. नवीन टेबलस्पेस करा आणि ‘ऑल्टर टेबल … सेट टेबलस्पेस’ द्या. नक्कल होईपर्यंत टेबलाला कुलूप लागतं, आणि इंडेक्स वेगळे हलवावे लागतात. ती डिस्क आता डेटाबेसचा अविभाज्य भाग झाली हे विसरू नका. मशीन बंद झाल्यावर पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या क्लाउड डिस्कवर टेबलस्पेस ठेवलं तर अख्खा सर्व्हर अडचणीत येतो.

मराठी डेटासाठी किती जागा धरू?

इंग्रजी नमुना डेटावरून केलेला अंदाज इथे चुकतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं आहेत. ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. तोच शब्द रोमन लिपीत ११ बाइटांत मावतो. ‘व्हारकॅर’ची मर्यादा चिन्हांत मोजली जाते, बाइटांत नाही, त्यामुळे स्तंभाची व्याख्या बघून हा फरक लक्षात येत नाही. नाव-पत्त्यावरच्या इंडेक्सलाही हेच लागू.

मोठ्या मजकुराचं एवढं बिघडत नाही. साधारण २ केबीच्या पुढे गेलेली नोंद सर्व्हर आकसून, गरज पडल्यास वेगळ्या टोस्ट टेबलात ठेवतो, आणि आवृत्ती १४ पासून त्यासाठी एलझेड४ ही आकसण्याची पद्धत निवडता येते. बाकी प्रत्येक नोंदीमागे शीर्षक आणि निर्देशक धरून २७-२८ बाइट जातातच. खऱ्या मराठी डेटाच्या एक लाख नोंदी भरा, ‘पीजी_टोटल_रिलेशन_साइझ’ने मोजा आणि त्यावरून गुणा, तो अंदाज कागदावरच्या हिशेबापेक्षा विश्वासार्ह असतो.

आधी इशारा मिळण्यासाठी काय करावं?

८० टक्क्यांना इशारा लावणं ठीकच आहे, पण भरण्याचा वेग जास्त उपयोगी. रोज २ जीबी वाढणाऱ्या डिस्कवर ५० जीबी मोकळे असणं आणि तासाला २० जीबी वाढणाऱ्या डिस्कवर तेवढेच मोकळे असणं, दोन्ही आकडे सारखे असून परिस्थिती वेगळी. इनोड, ‘पीजी_वॉल’चा आकार, प्रत्येक स्लॉट किती मागे आहे आणि आर्काइव्हची अपयशं हेही मोजा. डंप आणि मजकुरी लॉग डेटाच्या डिस्कवर ठेवू नका.

शिवाय डेटाच्या डिस्कवर एक-दोन जीबीची राखीव फाइल बनवून ठेवा, डेटा फोल्डरच्या बाहेर. अडचणीच्या क्षणी निःशंकपणे पुसता येईल असं काहीतरी हाताशी असणं फार मोलाचं असतं. झेडएफएससारखी आकसून ठेवणारी फाइल सिस्टिम असेल तर ती शून्यांनी भरू नका, जागाच धरली जाणार नाही. यादृच्छिक बाइटांनी भरा.

स्टँडबायची डिस्क भरली तर मुख्य सर्व्हरला काय?

स्लॉट वापरत असाल तर धोका आहे. स्टँडबाय थांबतो, त्याचा स्लॉट तिथेच अडकतो, मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी वॉल साठवू लागतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी त्याचीही डिस्क भरते. स्टँडबाय फारसा वापरात नसतो म्हणून त्याला लहान डिस्क देण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन्हीकडे डिस्क सारखी, इशारे सारखे, आणि मुख्य सर्व्हरवर ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ ठरवलेली असू द्या. आवृत्ती १८ वर असाल तर ‘आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउट’ही लावा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ कुणी न वापरलेला स्लॉट त्यानंतरच्या चेकपॉइंटला अवैध ठरतो आणि अडवलेला वॉल सुटतो.